विश्लेषण : ‘अल्झायमर’ हे नाव ज्यांचे, ते डॉक्टर कोण होते? आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेळाव्यांशी त्यांचा संबंध काय?

वाशी, नेरुळ, बेलापूरमध्ये सिडकोची घरे घेऊन तरुणपणी राहायला आलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत पोहोचली आहे. काही घरांत किल्ल्या आणि चष्मा हरवण्यापासून सुरू झालेला विसराळूपणा आता मुलांची नावे विसरण्यापर्यंत आला आहे. अशी व्यक्ती आणि तिला सांभाळणारे घरचे लोक यांनी महिन्यातून एकदा एकत्र जमायचे, चहा घ्यायचा, गाणी ऐकायची आणि आजाराबद्दल मोकळेपणाने बोलायचे, अशा मेळाव्यांना जगभर ‘अल्झायमर कॅफे’ किंवा ‘मेमरी कॅफे’ म्हणतात. यातले अल्झायमर हे एका जर्मन डॉक्टरांचे आडनाव. पाठ्यपुस्तकांत ते सूक्ष्मदर्शकावर वाकलेले शास्त्रज्ञ म्हणून भेटतात. पण त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शोधाची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, एका रुग्ण महिलेच्या शेजारी बसून केलेल्या गप्पांतून झाली.

कोण होते अलॉइस अल्झायमर?

त्यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या छोट्या गावात झाला. वडील नोटरी होते. बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्झबुर्ग येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंध मेंदूवर नव्हता. तो कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होता. विद्यार्थिदशेत तलवारबाजीत चेहऱ्यावर झालेल्या जखमेचा व्रण त्यांना आयुष्यभर राहिला.

१८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळी युरोपातही मनोरुग्णांना बांधून किंवा कोंडून ठेवणे नेहमीचे होते. फ्रँकफर्टचे संचालक एमिल सिओली यांना ते मान्य नव्हते. रुग्णांना मोकळे ठेवावे, कोमट पाण्याच्या स्नानाने शांत करावे, त्यांच्याशी बोलावे, अशी इथली पद्धत होती. अल्झायमर तिच्यात रमले. दिवसा वॉर्डात रुग्णांसोबत आणि संध्याकाळी मित्र फ्रान्झ निस्ल यांच्याबरोबर सूक्ष्मदर्शकापाशी, असा त्यांचा दिनक्रम होता. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याची निस्ल यांची पद्धत आजही वापरात आहे.

पुढे सेसिली या विधवा महिलेशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली यांचे निधन झाले आणि मुलांना सांभाळायला अल्झायमर यांची बहीण आली.

ऑगस्टे डेटर यांच्याशी झालेल्या गप्पा

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांचे पती कार्ल रेल्वेत कारकून होते. तक्रार संशयापासून सुरू झाली होती. पतीचे शेजारणीशी संबंध असल्याचे ऑगस्टे यांना वाटू लागले. मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवून ठेवल्या जाऊ लागल्या, घरातल्या घरात अस्वस्थ फेऱ्या सुरू झाल्या. डिमेन्शिया झालेल्या माणसासोबत राहिलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल.

अल्झायमर सलग काही दिवस त्यांच्याजवळ बसले आणि प्रश्नोत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव विचारल्यावर त्यांनी ऑगस्टे सांगितले. आडनाव विचारल्यावरही ऑगस्टे. पतीचे नाव विचारल्यावर पुन्हा तेच. जेवणात डुकराचे मांस आणि फ्लॉवर असताना त्यांनी पालक खात असल्याचे सांगितले. पेन्सिल, किल्ली, सिगार दाखवल्यावर नावे बरोबर आली, पण थोड्या वेळाने काय दाखवले होते ते आठवेना. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून पुढचे विसरल्या. आपण स्वतःच हरवलो आहोत, असे त्या म्हणत, अशीही नोंद आहे. विस्मरण झालेल्या माणसाला आपल्याला काहीतरी होते आहे हे कळत नाही, असा समज आजही आहे. ही नोंद तो खोटा ठरवते.

कार्ल यांचा उल्लेख वैद्यकीय इतिहासात दोन-चार ओळींपुरताच येतो. झेपेल तोवर त्यांनी पत्नीला घरी सांभाळले. नंतर रुग्णालयाचा खर्च परवडेना म्हणून तिला स्वस्त ठिकाणी हलवण्याची त्यांची खटपट सुरू होती. अल्झायमर तोवर आधी हायडेलबर्ग आणि मग म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले होते. म्युनिकमध्ये सुरुवातीला त्यांना पगार नव्हता. पत्नीकडून मिळालेल्या पैशांवर घर आणि प्रयोगशाळा चालत होती. तरीही ऑगस्टे यांच्या प्रकृतीची खबर ते घेत राहिले आणि त्या फ्रँकफर्टलाच राहिल्या. यात माणुसकी किती आणि शास्त्रज्ञाची उत्सुकता किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. कार्ल यांच्याशी बसून बोलायला, तुम्ही कसे आहात हे विचारायला कोणी होते, असे मात्र या कागदांतून दिसत नाही.

शोध मांडला, पण प्रश्न एकही नाही

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे यांचे निधन झाले. त्यांचा मेंदू म्युनिकला पाठवण्यात आला. तो आक्रसलेला होता. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेले गोळे अल्झायमर यांना दिसले. आज ते अनुक्रमे टाऊ आणि अमायलॉइड या प्रथिनांमुळे होतात हे माहीत आहे. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडले. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. खुद्द अल्झायमर मात्र हा वेगळा आजार आहे का, याबाबत साशंक होते. म्हातारपणातल्या विस्मरणाचाच हा लवकर सुरू झालेला प्रकार असावा, असे त्यांना वाटत होते. त्यांचा अंदाज बऱ्याच अंशी बरोबर होता. पण पुढची साठेक वर्षे हे नाव कमी वयातील रुग्णांपुरतेच वापरले गेले आणि वृद्धांचे विस्मरण वयाचा भाग मानले गेले. आपल्याकडे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात, तसेच. १९७० च्या दशकात हा भेद पुसला जाऊ लागला.

१९१२ मध्ये अल्झायमर यांना ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. तिकडे जाताना रेल्वेप्रवासातच ते आजारी पडले आणि पूर्ण बरे झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५१, म्हणजे ऑगस्टे रुग्णालयात आल्या तेव्हा जेवढे होते तेवढेच. फ्रँकफर्टमध्ये सेसिली यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

‘कॅफे’ कधी सुरू झाला?

ऑगस्टे यांची हरवलेली फाइल डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्ये सापडली. तिच्यावरचा लेख १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. योगायोगाने त्याच वर्षी नेदरलँड्सच्या लायडन शहरात मानसतज्ज्ञ बेरे मीसेन यांनी पहिला अल्झायमर कॅफे भरवला. रुग्ण आणि त्यांचे जोडीदार या आजाराबद्दल एकमेकांशीही बोलत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. त्यामुळे रचना साधी ठेवली. आधी चहा-कॉफी, मग एका विषयावर माहिती, मध्ये संगीत, नंतर प्रश्न आणि शेवटी गप्पा. चर्चा सुरू असताना रुग्णाला बाहेर बसवायचे नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट. कार्ल यांच्यासारख्या जोडीदाराला इथे पहिल्यांदा स्वतःची खुर्ची मिळाली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. काही शहरांत संस्था असे मेळावे भरवतात. नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रे आहेत, त्यामुळे जागेचा प्रश्न मोठा नाही. अडचण येते ती इतर गोष्टींत. संध्याकाळी अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते, म्हणून वेळ सकाळची किंवा दुपारची लागते. जिने नकोत, स्वच्छतागृह जवळ हवे. आणि वडिलांना चारचौघांत घेऊन जायला मुलाची किंवा सुनेची तयारी हवी.