कुष्ठरोगाचे मूळ मज्जातंतूंत शोधणारे डॉ. खानोलकर

इस्लामपूर : महात्मा गांधींचा स्मृतिदिन, ३० जानेवारी, देशभर कुष्ठरोग निर्मूलन दिन म्हणून पाळला जातो. सांगली जिल्ह्याला या रोगाचा परिचय जुना आहे. मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालयच उभे राहिले. मात्र या रोगाचे खरे स्वरूप सूक्ष्मदर्शकाखाली उलगडणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव या दिवशी क्वचितच घेतले जाते. ते नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते.

कर्करोगाइतकेच त्यांचे लक्ष कुष्ठरोगाकडे होते. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. मज्जातंतूंना इजा होते, हेही ज्ञात होते. तरीही सर्वसामान्यांच्या दृष्टीने हा कातडीचाच रोग होता. खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतील ऊतींचे बारकाईने परीक्षण केले. या परीक्षणावर आधारलेला त्यांचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. कातडीतील सूक्ष्म मज्जातंतूंच्या टोकांतून जंतू आत शिरतो आणि त्यांच्याच वाटेने वर सरकतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. रोगाचा प्रकार कोणताही असो, मज्जातंतू हेच त्याचे पहिले ठाणे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

पुढील संशोधनाने या चित्रात भर घातली. हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतील धाग्यांभोवती श्वॉन पेशी असतात. त्यांतील काही पेशी धाग्याला वेढे घालून मायलिनचे स्निग्ध आवरण तयार करतात. या आवरणामुळे संवेदना वेगाने धावतात. आवरण किती जाड असावे, हे पेशींमधील संदेशांवर ठरते. धाग्याच्या पृष्ठभागावरील न्यूरेग्युलिन हे प्रथिन श्वॉन पेशीवरील ग्राहकांना इशारा देते. या प्रथिनाच्या प्रमाणावर मायलिनची जाडी अवलंबून असते, असे २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. कुष्ठरोगाचा जंतू नेमक्या याच श्वॉन पेशींत ठाण मांडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तो ईआरबीबी-२ हा त्यांच्यावरील ग्राहक परस्पर चालू करतो. त्यामुळे आवरण बांधण्यासाठी असलेली संदेशयंत्रणाच आवरण नष्ट होण्यास कारणीभूत ठरते. खानोलकरांनी दाखवलेल्या वाटेवर नेमके काय घडते, याचा हा रेणूंच्या पातळीवरील उलगडा होता. तो पाहण्यास ते हयात नव्हते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून वेगळा केलेला एक जंतू पुढे कुष्ठरोगावरील लसीचा आधार ठरला. या कामात डॉ. कमल रणदिवे यांचाही सहभाग होता. खानोलकरांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषवले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली आणि पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला.

त्यांच्या संशोधनाचा धडा आजही व्यवहारात उपयोगी आहे. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण तो अंगावर काढतो. पण ती बधिरता हीच धोक्याची सूचना असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो. मात्र एकदा पूर्ण निकामी झालेल्या मज्जातंतूची संवेदना गोळ्यांनी परत येत नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले, तरी २०२२-२३ मध्ये एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आशा कार्यकर्ती दारात येऊन अंगावर चट्टा आहे का असे विचारते, तेव्हा लाजेपोटी दिलेला नकार बोटे वाकडी होण्यापर्यंत महागात पडू शकतो.