इंदापूरचा शेतसारा उतरवणारा जॉर्ज विंगेट कोण होता?

बारामती-इंदापूर म्हटलं की आज ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवतं. १८३५ च्या सुमारास मात्र इंदापूर तालुक्यातली शेतं पडीक होती आणि लोक गाव सोडून जात होते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जो मोठी बोली लावेल त्याला वसुलीचा मक्ता मिळायचा. मग तो रयतेला पिळून पैसे काढायचा. १८१८ मध्ये पेशवाई जाऊन कंपनी सरकार आलं, तरी पिळवणूक थांबली नाही. प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. हिशेब दिसायला चोख, पण त्याखालचे आकडेच खोटे. तो वसूल करताना कुळांचा छळही झाला.

तेव्हा गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याबरोबर लष्करी इंजिनिअर जॉर्ज विंगेट इंदापुरात आला. विंगेट काही बंडखोर नव्हता. सरकारी नोकरीत राहून, वरिष्ठांना पटवून जेवढं जमेल तेवढं करणारा माणूस. या दोघांनी जमिनीची प्रतबंदी केली, दर उतरवले आणि ते ३० वर्षं बदलणार नाहीत अशी हमी मिळवली. त्या मुदतीत कुणी विहीर खणली तरी सारा वाढणार नव्हता. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली आणि ही पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

पण सारा हलका झाला तशी जमिनीला किंमत आली आणि सावकाराची नजर तिच्यावर गेली. कोर्टाचे हुकूमनामे त्याच्याच कामी येतात, हे विंगेटने १८५२ मध्ये सरकारला कळवलं होतं. कायदा बदलला नाही.

मुदत संपली ती १८६० च्या दशकात. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस महागला होता. ती तेजी ओसरत असतानाच, १८६७ मध्ये, इंदापूरचा सारा बराच वाढवला गेला. पाठोपाठ शेजारच्या भीमथडीचाही. नवा दर ठरवताना रयतेला विचारायची पद्धतच नव्हती. विंगेटच्या वेळीही नव्हती. तेव्हा अधिकारी भला निघाला, एवढंच.

१२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातल्या, सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दख्खनचे दंगे इथूनच सुरू झाले. लोकांना हवे होते ते कर्जरोखे.

विंगेट तोवर निवृत्त होऊन मायदेशी गेला होता. हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या पैशावर त्याने १८५९ मध्ये टीका केली होती आणि दादाभाई नौरोजींनी पुढे तिचा आधार घेतला. १८७९ मध्ये त्याचं निधन झालं. सावकारी कर्जापासून दख्खनच्या शेतकऱ्याला संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी आला.