धारच्या लोहस्तंभाचे अभ्यासक डॉ. आर. बालसुब्रमण्यम

धारला पाहुणे आले की आपण त्यांना लाट मशिदीपाशी नेतो आणि चौथऱ्यावर आडवे ठेवलेले लोखंडी खांबाचे तीन तुकडे दाखवतो. देवासची मंडळीही मांडवगडला जाताना तेथे थांबतात. स्तंभ राजा भोजाच्या काळचा, एवढे आपण सांगतो. पण इतकी शतके ऊन-पाऊस सोसूनही तो गंजून का गेला नाही, असे कोणी विचारले की आपण अडखळतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

डॉ. बालसुब्रमण्यम यांचा जन्म १९६१ सालचा. बनारस हिंदू विद्यापीठातून १९८४ मध्ये धातुशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेतून डॉक्टरेट मिळवली आणि १९९० मध्ये कानपूरच्या आयआयटीत अध्यापक झाले.

गंज हा त्यांचा मुख्य विषय. त्याच्या जोडीला हायड्रोजन साठवून ठेवणाऱ्या, निकेल असलेल्या मिश्रधातूंवरही त्यांनी काम केले. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांत अशाच धातूंचा उपयोग होतो. वरवर हे विषय वेगळे वाटतात, पण दोन्हींत धातूच्या पृष्ठभागावरची विद्युत-रासायनिक क्रियाच महत्त्वाची. बॅटरीत ती हवी असते, गंजात नको असते.

दिल्लीच्या लोहस्तंभावरील त्यांच्या संशोधनाने जगाचे लक्ष वेधले. जुन्या भट्ट्यांत लोखंड कोळशावर गाळत. त्यात चुना घालत नसत. त्यामुळे फॉस्फरस लोखंडातच राही. पावसाने भिजणे आणि उन्हात वाळणे वर्षानुवर्षे चालले, की या फॉस्फरसमुळे धातूला चिकटून एक पातळ, घट्ट थर तयार होतो. तोच पुढचा गंज रोखतो.

धारच्या स्तंभावरचा त्यांचा सविस्तर अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही तुकडे जोडले तर लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन ७ टनांहून अधिक भरते. दिल्लीचा स्तंभ ७ मीटरच्या थोडा वर आहे. लोखंडाचे तापवलेले गोळे एकावर एक ठोकून एवढा खांब घडवला गेला. त्यावरची लहान भोके घडवताना खांब फिरवण्यासाठी असावीत, असे त्यांचे मत होते. आपल्या गावच्या अनाम लोहारांचे कसब त्यांनी असे जगापुढे आणले.

पुढे त्यांनी जुन्या तोफांवरही ग्रंथ लिहिला. ९ डिसेंबर २००९ रोजी, अवघ्या ४८व्या वर्षी, ते गेले.

एके काळी स्तंभाचा मोठा तुकडा तिरपा पडलेला होता आणि मुले त्यावर घसरगुंडी खेळत. दिल्लीच्या स्तंभाला लोकांचे हात लागून लागून तो थर झिजू लागला, म्हणून १९९७ मध्ये तेथे कुंपण घालावे लागले. आपल्या स्तंभाचेही रक्षण तोच थर करतो. पुढच्या वेळी मुलांना तेथे न्याल, तेव्हा हे जरूर सांगा. आणि त्यावर नाव कोरू नये, हेही.