चित्तप्रसाद : दुष्काळातील चित्रवृत्तान्त

प्रत्यक्ष घटनास्थळी बसून काढलेले रेखाचित्र हे वृत्तान्ताचेच एक साधन आहे. मात्र चित्रकार त्या घटनेत किती सहभागी असावा आणि किती अलिप्त राहावा, हा प्रश्न त्यात सतत उभा राहतो. त्याचा विचार करण्यासाठी चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचे चरित्र तुम्हांला उपयोगी पडेल.

त्यांचा जन्म १९१५ मध्ये बंगालमधील नैहाटी येथे झाला. त्यांचे शिक्षण चितगाव येथे झाले. चित्रकला मात्र ते बव्हंशी स्वतःच शिकले. जातिभेद अमान्य असल्याने त्यांनी आडनाव टाकले आणि ते केवळ ‘चित्तप्रसाद’ अशी स्वाक्षरी करू लागले. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते म्हणून ते भित्तिपत्रके रंगवीत आणि पक्षाच्या नियतकालिकांसाठी चित्रे काढीत. म्हणजे ते तटस्थ निरीक्षक नव्हते, हे आपण आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूर जिल्ह्याला चक्रीवादळाचा आणि समुद्राच्या लाटांचा तडाखा बसला. पाठोपाठ १९४३ चा दुष्काळ आला. युद्धकाळातील महागाई, साठेबाजी आणि सरकारी धोरण यांमुळे तो अधिकच भीषण झाला. बंगालमधील मृतांची संख्या सुमारे ३० लाख असावी, असा अंदाज केला जातो. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये चित्तप्रसाद मिदनापूरच्या गावांतून फिरले. रेखाटने आणि टिपणे ही दोन्ही कामे त्यांनी एकट्यानेच केली.

येथे त्यांची पद्धत बारकाईने पाहा. उपाशी माणसाचे चित्र काढायचे तर त्याच्यासमोर काही काळ बसावे लागते. तेवढ्या वेळात हाती शाई-कागदाखेरीज काही नसलेला चित्रकार त्या माणसाला काय देऊ शकतो? चित्तप्रसादांनी निदान त्याला निनावी ठेवले नाही. अनेक चित्रांसोबत त्यांनी व्यक्तीचे नाव, गाव, व्यवसाय आणि तिच्यावर ओढवलेला प्रसंग यांची नोंद केली. समोरच्याशी बोलल्याखेरीज अशी नोंद होत नाही. म्हणून त्यांचे निरीक्षण संभाषणातून घडलेले आहे. त्याच वर्षी झैनुल आबेदीन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील भुकेल्यांची विलक्षण प्रभावी चित्रे काढली. पण त्यांतील माणसे बहुतांशी अनामिक आहेत. दोघांत डावे-उजवे करण्याचे कारण नाही, फरक मात्र ध्यानात ठेवावा.

चित्तप्रसादांची रेषा काळी, ठसठशीत आणि वृत्तपत्रात छापण्याजोगी आहे. बरगड्या, रिकामी भांडी, छप्पर उडालेली घरे ते नेमकेपणाने टिपतात. पक्षकार्यकर्त्याने काढली म्हणून ही चित्रे प्रचारकी ठरवावीत काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. त्यांच्या भित्तिपत्रकांत माणसे पुष्कळदा प्रतीके होतात, उगारलेल्या मुठींमागे चेहरे हरवतात; मिदनापूरच्या रेखाटनांत तसे क्वचितच घडते. ज्या निष्ठेने त्यांना त्या गावांत नेले, तिच्यापेक्षा तेथील माणूस कागदावर मोठा ठरला.

हा वृत्तान्त ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने मुंबईत पुस्तकरूपाने छापला गेला. ब्रिटिश सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. वाचलेली एक प्रत कुटुंबीयांनी जपली आणि तिच्यावरून पुढे २०११ मध्ये प्रतिकृती निघाली.

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत स्थायिक झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते पक्षापासून दूर गेले. त्यानंतर अंधेरीतील लहानशा घरात त्यांनी लिनोकट ठसाचित्रे केली, मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या बनविल्या. कष्टकरी बालकांवरील त्यांच्या ठसाचित्रांत विडी वळणारी, बूट पुसणारी मुले दिसतात. ही चित्रे घरी बसून कोरलेली आहेत. तरीही कामात गुंतलेल्या मुलांचे हात त्यांत किती बारकाईने आले आहेत, ते तुम्ही मुद्दाम पाहावे. दीर्घकाळ आर्थिक ओढग्रस्तीत काढल्यानंतर नोव्हेंबर १९७८ मध्ये कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले.