सुरांचा प्रवासी : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीला लागून आहे. गावात देऊळ तीन आणि भजनी मंडळे दोन. गणपतीत आणि हरिनाम सप्ताहात परगावचे बुवा गायला येतात. बुवा येणार म्हटले की सकाळपासून लगबग असते. पखवाजाला लावायची कणीक कोणी मळायची, पेटी कोणाच्या घरून आणायची, बुवांचे जेवण कोणाकडे, यावर चर्चा होते. रात्रभर गाणे होते आणि पहाटे नारळ, शाल आणि पाकीट घेऊन बुवा पहिल्या मिनिडोरने परत जातात. त्या पाकिटाला आमच्याकडे अजूनही बिदागी म्हणतात.

माझे बाबा असेच एक बुवा आहेत. दिवसा होडीवर आणि रात्री पेटीवर. त्यामुळे पाहुणा गायक म्हणजे काय हे मी समोर बसून ऐकण्याआधी घरात बसून वाट पाहताना शिकले. गेल्या वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी मला शास्त्रीय संगीतावरची काही पुस्तके वाचायला दिली. त्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र वाचले आणि वाटले, हे तर आमच्याच घरातले, फक्त फार मोठ्या पटावर मांडलेले.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. किराणा घराणे हे नाव याच गावावरून पडले. वडील काले खाँ हे गवई. घरात गाणे आणि सारंगी दोन्ही होते. मुलगा दोन्ही शिकला. सारंगी हे गळ्याच्या सर्वांत जवळचे वाद्य मानतात. त्यांच्या गाण्यातला सूर तुटत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जातो, तो या सारंगीचाच संस्कार असावा असे मला वाटते.

त्या काळी गवयाला पोट भरायला एकच जागा होती, ती म्हणजे दरबार. तरुण अब्दुल करीम धाकटा भाऊ अब्दुल हक याच्यासह फिरत फिरत बडोद्यास आले आणि तिथे दरबारी गायक झाले. दरबारातच त्यांच्याकडे एक मुलगी गाणे शिकू लागली. ती ताराबाई माने, सरदार घराण्यातली. एक मुसलमान गवई, एक मराठा सरदाराची कन्या. दोघांनी संसार करायचे ठरवले तेव्हा बडोदे सोडण्यावाचून मार्ग राहिला नाही. दरबाराची नोकरी गेली, ताराबाईंचे माहेर तुटले आणि दोघे मुंबईस आले. पुढचे सगळे आयुष्य प्रवासाचे झाले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. दरबारी गायक आणि पाहुणा गायक यांत मोठा फरक आहे. दरबारी गायकाला महिन्याचा पगार असतो, त्याचे श्रोते ठरलेले असतात. पाहुण्या गायकाला दर वेळी नवे गाव, नवे यजमान आणि नवी बैठक. आज गाणे रंगले तर पुढच्या वर्षी बोलावणे, नाही रंगले तर तोही रस्ता बंद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी सर्वत्र पोहोचली, शहरांत नाटकगृहे उभी राहिली, तिकीट काढून गाणे ऐकायला येणारा मध्यमवर्ग तयार झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकिटाचे जलसे केले, तसेच खाँसाहेबांनीही केले. गवई संस्थानिकाच्या हुकमातून सुटला, पण तिकीटविक्रीच्या काळजीत सापडला.

या भटकंतीत त्यांना मिरज सापडले. तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा बसली. प्लेगच्या दुखण्यातून आपण या दर्ग्याच्या कृपेने उठलो अशी त्यांची भावना होती असे सांगतात. मिरज हे तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यांच्या दुरुस्तीचे वेड. तंबोऱ्याची जवारी मनासारखी लागल्याशिवाय ते गायला बसत नसत. मोठमोठे भोपळे असलेले तंबोरे आगगाडीच्या गर्दीतून सांभाळून नेणे म्हणजे काय दिव्य असेल! आमच्याकडे एक पेटी मिनिडोरच्या टपावर बांधताना चार माणसे लागतात.

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मुंबईतही वर्ग चालवले. अनेक विद्यार्थी विद्यालयातच राहत आणि जेवत. त्यांच्या जेवणाचा खर्च कुठून यायचा? खाँसाहेबांच्या जलशांतून. म्हणजे ते परगावी गात तेव्हा इकडे चूल पेटे. कार्यक्रमाला माणसे यावीत म्हणून त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात सूर मिसळायला शिकवले होते. वाचून प्रथम मला हसू आले. मग वाटले, एवढ्या थोर गायकालासुद्धा पोरांच्या पोटासाठी ही युक्ती करावी लागली.

त्याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते. त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. शास्त्रज्ञाने जे यंत्राने मोजायचे ते या माणसाच्या कानात आधीच मोजलेले होते.

खाँसाहेबांचा सर्वांत आवडता रस्ता दक्षिणेचा होता. म्हैसूरचे महाराज नालवडी कृष्णराज वडेयर मोठे रसिक. त्यांच्या दरबारात खाँसाहेब पाहुणे म्हणून जात आणि तिथे त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. जाता-येता धारवाड-हुबळीला मुक्काम पडे. बहुतेक पाहुणे गवई आपले गाणे गाऊन बिदागी घेऊन जातात. खाँसाहेब मात्र दुसऱ्याचे ऐकायलाही बसत. धारवाडात अंबाबाईंचे कर्नाटकी गाणे ऐकायला ते त्यांच्या घरी जात. त्याच घरात अंबाबाईंची मुलगी गंगूबाई लहानाची मोठी होत होती. कर्नाटकी सरगमचे वळण त्यांनी आपल्या गाण्यात आणले, त्यागराजांच्या कृतीही गायल्या. याच रस्त्यावरच्या कुंदगोळचा रामभाऊ त्यांचा शिष्य झाला आणि पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजला. पाहुणा नुसता घेऊन गेला नाही, मागे बी पेरून गेला.

आता जे लिहायचे ते लिहिताना माझा हात जड होतो. 1922 च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. ज्या बाईने या माणसासाठी बडोदे सोडले तिने अखेर त्याचेही घर सोडले. मुलांनी वडिलांचे नाव न लावता आईचे माने हे आडनाव लावले. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली ही हिराबाई झाली. वडिलांच्या घराण्याचे गाणे मात्र त्यांच्या गळ्यात होतेच. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे यांनी ते घरोघरी पोहोचवले. हिराबाईंनी तर स्त्रियांनी तिकीट लावून प्रतिष्ठेने मैफल करण्याची वाट मोकळी केली. ज्या काळात घरंदाज बाईने चारचौघांत गाणे हेच पाप समजले जाई, त्या काळात त्या व्यासपीठावर बसून गायल्या.

ताराबाई का गेल्या, याची कारणे पुस्तकांत निरनिराळी दिली आहेत. त्यांचा निवाडा करणारी मी कोण? पण एक गोष्ट मी आमच्या घरात पाहिली आहे. मी नववीत असताना धाकट्या भावाला रात्री सणकून ताप भरला. बाबा खाडीपलीकडे भजनाला गेले होते. आईने रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आणि वाऱ्यावरून पलीकडच्या पखवाजाचा आवाज येत राहिला. सकाळी बाबा शाल पांघरून आले. त्या गावाने त्यांना डोक्यावर घेतले होते. आई काहीच बोलली नाही, तिने चहा टाकला. मला त्या शालीचा राग आला होता, तो पुष्कळ दिवस गेला नाही. गायकाच्या चरित्रात मैफलींच्या तारखा असतात. घरच्या रात्रींच्या नसतात.

तरीही खाँसाहेबांचे गाणे ऐकले की तो राग टिकत नाही. 1930 नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. रात्रभर आळवायचा राग तीन मिनिटांत बसवायचा! त्यांतली झिंझोटीतली ठुमरी गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाने ऐकली आणि असे गाणे शिकायचेच म्हणून 1933 साली तो अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून निघाला. पुढे तो सवाई गंधर्वांचाच शिष्य झाला. ती ठुमरी मी मोबाईलवर ऐकते. खरखर पुष्कळ आहे. तिच्यामागून तो बारीक, टोकदार, काहीसा रडवेला सूर येतो आणि अंगावर काटा उभा राहतो.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीच्या आश्रमात गाण्यासाठी निघाले. वय पासष्टीला आलेले. गाडीत छातीत दुखू लागले. चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमाळकोईल नावाचे लहानसे स्टेशन आहे, तिथे ते उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात ईश्वराची प्रार्थना म्हणत देह ठेवला असे सांगतात. तो दिवस 27 ऑक्टोबर 1937. त्यांना मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि मोठमोठे कलावंत हजेरी म्हणून गाऊन जातात.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावी गायलेल्या माणसाला मरणही परक्या गावच्या फलाटावर यावे याचे मला प्रथम फार वाईट वाटले. पण त्या वेळीही तंबोरा जवळ होता, शिष्य जवळ होते. जे नव्हते ते म्हणजे ती पाच मुले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

या वर्षी गणपतीत शेजारच्या गावाहून माणसे आमच्याकडे आली. बाबांना वाटले, आपल्यालाच सुपारी द्यायला आली आहेत. त्यांना मी हवी होते, दोन अभंग गाण्यासाठी. आमच्या घरातली कोणी मुलगी आजवर परगावी गायला गेलेली नाही, जशी कोणी कॉलेजलाही गेलेली नव्हती. बाबा गप्प झाले. लोक काय म्हणतील हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. होकार दिला तो आईने. इतकी वर्षे जिने रात्री दिवा जागता ठेवला तिने. तिची अट एकच होती, गाणे झाले की पहाटेची वाट न पाहता घरी यायचे.

मी गायले. बाबांनी पेटी धरली. मिळालेला नारळ मी आईच्या हातात दिला. तिने तो देवापुढे ठेवला आणि मग पहिल्यांदाच विचारले, काय काय गायलीस ते म्हणून दाखव. रात्रीचा एक वाजला होता. मी तिच्यासमोर बसून दोन्ही अभंग पुन्हा म्हटले. बाबा दाराशी बसून ऐकत होते.

(द्वितीय वर्ष कला)