पंडिता रमाबाई : एक श्रद्धा, अनेक पंथ

विक्रम संवत १९५६ च्या दुष्काळाला गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात. १८९९-१९०० सालच्या त्या संकटात अनेक निराधार मुली गुजरातेतून पुण्याजवळच्या केडगावी नेण्यात आल्या. त्यांना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंचे चरित्र तापीकाठच्या कामरेजमधील मराठी वाचकाला म्हणूनच परके वाटू नये.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. पुढल्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. फादर नीलकंठशास्त्री गोरे यांच्या विवेचनाचा त्यामागे मोठा वाटा होता.

परंतु धर्मांतर म्हणजे बुद्धीचे समर्पण नव्हे, ही त्यांची धारणा अढळ राहिली. त्रैक्याचे तत्त्व असो वा बिशपांचा अधिकार, स्वतः वाचून पटल्याखेरीज त्या काही मान्य करीत ना. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी तरुणांना शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांना रुचली नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही. वाँटेजच्या भगिनींना हा अहंकार वाटला. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे काय, हाच खरा वाद होता.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात, या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. चर्चला त्या हट्टी वाटल्या आणि स्वकीयांना परधर्मीय. केडगावच्या मुक्ती सदनात मात्र निरनिराळ्या देशांचे व पंथांचे साहाय्यक एकत्र नांदले. सदन कोणत्याही एका पंथाचे झाले नाही. अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा चर्चसंस्था एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. हे ऐक्य वाटाघाटींनी घडले. रमाबाईंनी आपल्यापुरते ते आधीच आचरले होते. त्याची किंमत एकाकीपणाने मोजली होती.