आक्सिमचे आमो

विद्यार्थी मित्रांनो, आफ्रिका खंडाचा नकाशा समोर ठेवा आणि पश्चिम आफ्रिकेतील घाना हा देश शोधा. या देशाच्या अगदी दक्षिणेला केप थ्री पॉइंट्स नावाचे भूशिर आहे. त्याच्या पश्चिमेला आक्सिम व प्रिन्सेस टाउन आणि पूर्वेला डिक्सकोव्ह व शामा ही जुनी गावे आहेत. या प्रत्येक गावात युरोपीय व्यापाऱ्यांनी बांधलेला किल्ला आजही दिसतो. येथे आधी सोन्याचा व्यापार चाले. पुढे माणसांचाच व्यापार सुरू झाला. पकडलेल्या माणसांना किल्ल्यात कोंडत आणि जहाजात भरून अमेरिकेकडे पाठवत.

याच आक्सिमच्या परिसरात १७०३ च्या सुमारास अँटन विल्हेल्म आमो यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच, १७०७ साली, डच कंपनीने त्यांना हॉलंडला नेले. तेथून ते जर्मनीतील एका संस्थानिकाच्या वाड्यात पोहोचले. अँटन आणि विल्हेल्म ही नावे त्या घराण्यातली होती. आमो हे नाव मात्र मायदेशाचे. ते त्यांनी कधीच सोडले नाही.

सुदैवाने त्यांना शिक्षण मिळाले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, जर्मन आणि डच अशा अनेक भाषा ते शिकले. तुम्ही उर्दूबरोबर मराठी शिकता, म्हणून परकी भाषा आपलीशी करायला किती मेहनत लागते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आमो यांनी तर आपले ग्रंथच लॅटिनमध्ये लिहिले!

१७२७ मध्ये ते हाले येथील विद्यापीठात दाखल झाले. १७२९ मध्ये त्यांनी युरोपातील आफ्रिकी लोकांच्या हक्कांवर विद्वानांसमोर वादविवाद केला. त्याचा मूळ मजकूर आज उपलब्ध नाही. १७३४ मध्ये त्यांनी मन आणि शरीर यांवर प्रबंध लिहिला. संवेदना शरीराला होते, मनाला नव्हे, असे त्यांचे मत होते. पुढे ते हाले आणि येना येथे प्राध्यापक म्हणून शिकवू लागले.

परंतु सर्वांनाच हे रुचले नाही. त्यांची टिंगल करणाऱ्या कविताही छापल्या गेल्या. १७४७ च्या सुमारास ते मायदेशी परतले. १७५३ मध्ये जहाजावरील एक डॉक्टर त्यांना आक्सिमला भेटला. तेव्हा त्यांचे वडील आणि बहीण हयात होते. भाऊ मात्र दूर दक्षिण अमेरिकेत, सुरिनाममध्ये गुलाम होता.

आमो यांची कबर शामाच्या किल्ल्यात आहे. १९६५ मध्ये हाले येथे त्यांच्या स्मरणार्थ शिल्प उभारण्यात आले. त्यांच्या भावाचे नाव मात्र फारसे कोणाला माहीत नाही. एकाच घरातील दोन मुले! एकाच्या हाती पुस्तक आले, दुसऱ्याच्या पायी बेडी पडली. त्या भावालाही शाळा मिळाली असती, तर तो काय झाला असता? मित्रांनो, जरा विचार करा.